दीडपटीचं पत्रक

पत्रकात आकडा एकच असावा. दोन दिले की लोक तुलना करत बसतात, तीन दिले की घडी घालून खिशात टाकतात. दुसरा नियम असा की मागणी सगळ्यात वर, जाड टाइपात, आणि कारणं तिच्या खाली. माणूस भाजीची पिशवी सावरत उभा असतो, त्याला तुमची प्रस्तावना नको असते. म्हणजे पत्रक लिहायला बसतानाच शेवट ठरलेला असतो. त्या शेवटापर्यंत पोचवणारी वाक्यं शोधायची, एवढंच काम.

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी निवृत्त माणसं लिहितात. मी अजून तिशी गाठलेली नाही आणि निवृत्त व्हायला मला कोणी नोकरीच दिलेली नाही. पण गेली काही वर्षं मीरा-भाईंदरमध्ये मी पत्रकं लिहितेय आणि वाटतेय. आमचा नागरिकांचा एक गट आहे. पाणी, कचरा, फुटपाथ, खाडीतला भराव, जे समोर येईल ते. सिल्व्हर पार्कपासून राईपर्यंत लोक मला 'पत्रकवाली' म्हणून ओळखतात. काही दुकानदार मी दिसले की लांबूनच हात हलवतात, नको नको म्हणून. पूनम सागरमधल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी दर वेळी पत्रक पूर्ण वाचतात आणि विचारतात, "किस पार्टी का है?" कोणत्याच पक्षाचं नाही म्हटलं की परत देतात. फुकट कोणी एवढं लिहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका क्लासवाल्याने तर पत्रकाच्या मागच्या बाजूला त्याची जाहिरात छापायची का, असं विचारलं होतं. 'गणिताची भीती घालवा' अशी जाहिरात. तेव्हा मी हसले होते.

तर गणित.

मी राई गावची. आमच्या आळीच्या मागे, जिथे माझ्या लहानपणी भात व्हायचा, तिथे आता सिमेंटचा तयार माल बनवणारा प्लांट आहे. मोठमोठे ड्रम फिरतात, खडी पट्ट्यावरून पडते, मिक्सरच्या गाड्या उभ्या राहून घुमत असतात. प्लांट आल्यापासून आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. सुरुवातीला प्लांट चालू असताना ओरडायचो. मग सवय झाली.

या प्लांटविरुद्ध मी पत्रक लिहिलं. राहत्या वस्तीत दिवसा आवाजाची मर्यादा पंचावन्न डेसिबल आहे. मी आमच्या ओटीवर उभं राहून फोनच्या ॲपवर आवाज मोजला, पंच्याऐंशी आला. पंच्याऐंशी भागिले पंचावन्न. वर जाड टाइपात लिहिलं, 'मर्यादेच्या दीडपट आवाज. प्लांट हलवा.' एक आकडा, वर मागणी. मला ते माझं सगळ्यात नेटकं पत्रक वाटलं होतं.

तेच पत्रक जोडून प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. तिच्या सुनावणीला प्लांटच्या बाजूने एक सल्लागार इंजिनिअर आले होते. इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी मऊ. त्यांनी पत्रक दोन बोटांत धरलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "सर, मॅडमनी डेसिबलला भागाकार केलाय." मग माझ्याकडे वळून, "डेसिबल लॉग स्केलवर असतो, मॅडम. लॉग येतो का तुम्हाला? आणि हे फोनच्या ॲपवर मोजलंय?"

पहिल्या रांगेतले हसले. मग मागचे हसले, त्यांना लॉग येत होता म्हणून नाही, पुढचे हसले म्हणून. आमच्या आळीची माणसंही हसली. मी बारावी आर्ट्स, पुढे बीए. लॉग येत नव्हता. मी हातातल्या पत्रकांच्या कडा जुळवत उभी होते. अधिकाऱ्यांनी सांगितलं की प्रमाणित मीटरवर, जबाबदार संस्थेच्या सहीने मोजणी आणा, पुढच्या सुनावणीत बघू.

प्रमाणित मीटर भाईंदरच्या एका कॉलेजात होता. तो पर्यावरण मोजणीच्या पदविकेच्या विद्यार्थ्यांनाच मिळतो, अहवालावर विभागप्रमुखांची सही होते. पदविकेला कोणताही पदवीधर चालतो, पण बारावीला गणित नसेल तर आधी एक सत्राचा ब्रिज कोर्स करावा लागतो. फंक्शन, आलेख, लॉग, त्रिकोणमिती. कॅल्क्युलसच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. त्यात नापास झालात तर पदविकेची जागा गेली. माझ्यासाठी हिशोब सरळ होता. ब्रिज कोर्स पास झाले तर जागा, जागा असेल तर मीटर, मीटर असेल तर सुनावणी. नाहीतर तो ड्रम आईच्या उशाशी फिरत राहणार.

गटातले जोशीकाका म्हणाले, "वेड लागलंय तुला." काका गिरगाव सोडून सिल्व्हर पार्कला राहायला आलेले, बँकेतून निवृत्त, आमची सगळी पत्रकं तेच तपासतात. "आपण वकील बघू, तज्ज्ञ बघू. तू गणितात नापास झालीस तर तो इस्त्रीवाला तुझी मार्कलिस्ट सुनावणीत वाचून दाखवेल."

माझ्या मनातली भीती त्यांनी बरोबर बोलून दाखवली होती. मी म्हटलं, "वाचू दे." आणि घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

वर्गात सगळी एकवीस-बावीसची मुलं. पहिल्याच दिवशी मागून कुजबुज ऐकू आली, "अरे, ही पत्रकवाली ना? इथे पण वाटायला आलीय." शेजारी बसलेल्या फरहीनने मात्र बॅग सरकवून जागा दिली. ती नयानगरची, कॉमर्सची, हिशोबात तरबेज. "दीदी, आप इधर पढ़ने आए हो?" मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, "तो आपको भी डर लगता है। अच्छा है।"

शिकवायला शहामॅडम. साडी, पायात स्पोर्ट शूज, मराठी-हिंदी-गुजरातीची त्यांची स्वतःची मिसळ. पहिल्या तासाला फळ्यावर फंक्शन लिहून म्हणाल्या, "एक घाला, एकच बाहेर येणार. दोन येत असेल तर हे फंक्शन नाही, ही पॉलिटिक्स आहे." सगळे हसले, मी वहीत लिहून घेतलं. मी सगळंच लिहून घ्यायचे. समजत काहीच नव्हतं, आणि न समजलेलं लिहून घेतल्यावर ते आपल्याकडे आहे असा भास होतो. पत्रक वाचणाऱ्यांनाही तसंच वाटत असेल का, असा एक वाईट विचार तेव्हा डोक्यात येऊन गेला.

ही भीती कशी असते ते मी सांगते, कारण गणित येणाऱ्यांना ती ठाऊक नसते. पोलीस स्टेशनला मी एकटी गेलेय, बिल्डरच्या माणसांनी गाडी आडवी लावलीय, तेव्हा मागे हटले नाही. पण मॅडमनी खडू पुढे करून "निकिता, येऊन सोडव" म्हटलं की मी वहीत काहीतरी शोधत असल्याचं दाखवायचे. बाहेर माझ्या बाजूने बोलायला माणसं असतात. फळ्यासमोर कोणी नसतं. तिथे घोषणा देता येत नाही. शेवटची ओळ चुकली तर वर कितीही जीव तोडून लिहिलेलं असो, चूक ती चूक. मला त्याचा रागच यायचा. इतकं कशाला कठोर राहायचं.

आणि मग लॉगचा धडा आला.

मॅडम म्हणाल्या, लॉग म्हणजे काय, तर एकाला किती वेळा दहाने गुणलं ते मोजणं. शंभरचा लॉग दोन, हजारचा तीन. फार मोठे आकडे लहान करून ठेवायची युक्ती. उदाहरण म्हणून त्यांनीच डेसिबल घेतला. आवाज दहा डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट. वीसने वाढला की शंभरपट.

मी पेन खाली ठेवलं. पंचावन्न ते पंच्याऐंशी. तीसचा फरक. दहा गुणिले दहा गुणिले दहा.

हजारपट. मी पत्रकात दीडपट लिहिलं होतं.

माझी कानशिलं तापली. चूक झाली म्हणून नाही. तो इस्त्रीचा शर्ट, तो मऊ आवाज. त्या माणसाला लॉग येत होता. म्हणजे मला हसताना त्याला माहीत होतं की खरा आकडा माझ्या आकड्याच्या कितीतरी वर आहे. त्याने माझी चूक दाखवली आणि उत्तर गिळून टाकलं. शाळेत ज्याला खोटं बोलणं म्हणतात ते हे नाही. याला सल्ला देणं म्हणतात आणि त्याची फी मिळते.

तास संपल्यावर मी मॅडमना तिथेच गाठलं आणि सांगितलं की मी नवं पत्रक काढतेय, 'हजारपट मोठा आवाज'.

मॅडम फळा पुसत होत्या. "हजारपट मोठा? कानाला?"

"आत्ता तुम्हीच म्हणालात."

"मी ऊर्जा म्हटली. कान हजारपट ऐकत नाही बेटा. कानाला ते आठ-दहापट वाटेल. ऊर्जा लिहायची असेल तर ऊर्जा लिही. आणि ते पंच्याऐंशी कुणी मोजलं? फोनने ना?"

"पण मॅडम, हेतू तर बरोबर आहे."

"हेतूला मार्क नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या वर्गावर गेल्या.

पहिल्या चाचणीत मी आपटले. त्रिकोणमितीत 'सिद्ध करा' असा प्रश्न असतो. डाव्या बाजूला एक पदावली, उजव्या बाजूला दुसरी, दोन्ही सारख्या आहेत हे दाखवायचं. मी काय करायचे, तर दोन्ही बाजू सारख्या आहेत असं धरून तिरका गुणाकार करायचे, दोन्हीकडे तेच आलं की खाली जाड रेघ मारून लिहायचे, सिद्ध झालं. सगळ्या उदाहरणांत असंच. मॅडमनी प्रत्येकाखाली लाल शाईत एकच वाक्य लिहिलं होतं, 'जे सिद्ध करायचं तेच धरून चालली आहेस.'

मी भांडायला गेले. भांडायला मी कुठेही जाते.

"पण उत्तर तेच येतंय ना मॅडम?"

"येणारच. तू आधीच मानलंय. एका बाजूने निघायचं. दुसरी बाजू पेपरवर आहे हे विसरून जायचं. चालत राहायचं. पोचली तर पोचली."

"आणि नाही पोचले तर?"

"तर तुला कळेल की पोचली नाही," मॅडम म्हणाल्या. "ते पण कळायला पाहिजे ना?"

बाहेर फरहीन थांबली होती. तिने पेपर बघितला आणि म्हणाली, "दीदी, आप मैथ्स में भी मोर्चा निकालते हो।" तिला हसू आवरत नव्हतं. मला राग आला, मग मलाही हसू आलं, आणि हसताहसता लक्षात आलं की तिने गंमत केली नव्हती. माझा धंदाच तो होता. वर मागणी, खाली तिला जुळणारी कारणं. गेली काही वर्षं मी तिरका गुणाकारच करत होते. बहुतेक वेळा मागणी खरी होती, म्हणून खपून गेलं.

पुढचे आठवडे कसे गेले ते विचारू नका. फरहीन आणि मी कॉलेजच्या जिन्यात बसून एका बाजूने निघायचा सराव करायचो. ती उजवी बाजू हाताने झाकून ठेवायची. मी निघायचे, अडकायचे, हाताखाली डोकवायचे, ती चापटी मारायची. त्या काळात मी पत्रक लिहिलं नाही. बसले की पहिल्याच वाक्याला वाटायचं, हे कशावरून. जोशीकाका फोनवर म्हणाले, "गणिताने तुझी धार घालवली." मला तीच धास्ती होती. गणितही नाही आणि पत्रकही नाही, अशी मधेच राहिले तर.

आई मात्र निर्धास्त होती. ती ओरडून सांगायची, "व्हशील गं पास. येवढी भांडतेस, तर व्हशील." तिच्या लेखी गणित हाही कुणीतरी माणूसच होता.

परीक्षेत 'सिद्ध करा' आलाच. डावीकडे दोन अपूर्णांकांची बेरीज, साइन, कॉस, कंस. उजवीकडे इवलंसं उत्तर. हात आपोआप तिरक्या गुणाकाराकडे गेला, मी एक ओळ लिहिलीही. मग ती खोडली. डाव्या हाताने उजवी बाजू झाकली. पर्यवेक्षकांनी जवळ येऊन हाताखाली काय लपवलंय ते बघितलं. काही नव्हतं, प्रश्नच होता.

निघाले. छेद समान केला. वरचा वर्ग उलगडला. ओळ लांबत चालली, घाम पेनवर उतरत होता. पत्रकात मी असं कधी लिहिलं नव्हतं, पुढची ओळ कुठे नेणार ते ठाऊक नसताना. बराच वेळ नुसती बघत बसले. साइनचा वर्ग एका टोकाला, कॉसचा वर्ग दुसऱ्या टोकाला, मध्ये बाकीची गर्दी. मग ते दोघे दिसले. दोघांची बेरीज एक. वर उरलं दोन अधिक दोन कॉस. दोन बाहेर काढले, कंस खालच्या कंसाशी कटला. जे राहिलं ते लिहिलं आणि हात उचलला. उजवी बाजू तीच होती.

मी पास झाले. नुसती नाही, फर्स्ट क्लासच्या वर. फरहीनने माझा निकाल माझ्याआधी बघितला आणि जिन्यातून हाक मारली, "पत्रकवाली दीदी, मोर्चा पहुँच गया।" शहामॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आता मीटर नीट पकड."

मीटर नीट धरला. विभागप्रमुख स्वतः राईला आले, नियमाप्रमाणे उंची, अंतर, वारा, सगळं बघून. आकडा आला ब्याऐंशी. माझ्या ॲपपेक्षा तीनने कमी. आणि आता मला हे तोंडी येत होतं की तीन डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा निम्मी. हजारपट नव्हतं. पाचशेपट होतं.

त्याच आठवड्यात मी आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मोबाइलची रिंग तिला ऐकू येईनाशी झाली होती. ती म्हणत होती, "मना समदं आयकू येतं, तुमीच हलू बोलता." डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागद माझ्या हातात दिला. आलेख होता. त्यांनी समजावायला सुरुवात करण्याआधी मी तो वाचला, आणि वाचता आला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. आडव्या अक्षावर सूर, उभ्या अक्षावर डेसिबल, खाली खाली जाणारे. रेघ उंच सुरांपाशी चाळीसवर जाऊन बसली होती. चाळीस म्हणजे दहा गुणिले दहा, गुणिले दहा, गुणिले दहा. जो बारीक आवाज धड कानाला ऐकू येतो, तो आईला ऐकवायला दहा हजारपट ऊर्जा लागणार.

"आवाजामुळे?" मी विचारलं.

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "वय पण आहे. मासळीबाजारात किती वर्षं बसल्या? साखर आहे का? एकच कारण नाही सांगता येत."

आईने बाहेर येऊन विचारलं, "काय हाय गं? पास का नापास?"

जोशीकाकांना मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बघितला, मग चष्मा काढला. "निकिता, हा मथळा आहे," ते हळू म्हणाले. "प्लांटने माझ्या आईचे कान घेतले. बस. बाकी काही लिहूच नको. पाचशेपट वगैरे कुणाला कळतंय?"

त्यांचं बरोबर होतं. पत्रक म्हणून ते अचूक होतं. एक वाक्य, वर जाड टाइपात. सुनावणीत कोणी हसलं नसतं. आणि मला आतून खात्री आहे, आजही आहे, की तेच खरं आहे.

पण डावीकडून निघाले तर मी तिथे पोचत नव्हते.

"नाही लिहीत, काका," मी म्हटलं. "ते मी धरलंय. दाखवता येत नाही."

"अगं, तुझी आई आहे ती."

"म्हणूनच. त्या इस्त्रीवाल्याने तो कागद दोन बोटांत धरलेला मला नकोय."

पत्रकात लिहिलं, 'मर्यादेच्या पाचशेपट ध्वनिऊर्जा. प्रमाणित मोजणी.' मागणी त्याच्या खाली आली. मी पहिल्यांदाच ती खाली लिहिली.

सुनावणीत सल्लागार उठले आणि मऊ आवाजात म्हणाले की मॅडमचा स्वतःचाच आकडा खाली आलाय, पंच्याऐंशीचे ब्याऐंशी झालेत. मी म्हटलं, "हो, तीनने. म्हणजे निम्म्यावर. तरी मर्यादेच्या पाचशेपट. तुम्ही मागच्या वेळी भागाकार चुकलाय म्हणालात, बरोबर उत्तर सांगायचं राहिलं होतं." ते पाणी प्यायले. या वेळी कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं मला छान वाटेल. मी मात्र वहीतला हिशोब पुन्हा एकदा तपासत बसले.

आदेश निघाला. प्लांटला सगळीकडून आवरण घालायचं, तोवर काम बंद, नंतर पुन्हा मोजणी. आम्ही 'हलवा' म्हटलं होतं, त्यांनी 'झाका' म्हटलं. पुढची लढाई आहेच.

प्लांट थांबला त्या दिवशी मी घरी आले तर आळी इतकी शांत होती की खाडीवरून जाणाऱ्या होडीचं इंजिन ऐकू येत होतं. शेजारची माणसं ओटीवर येऊन नुसतीच बसली होती. आई बोंबील साफ करत होती, माझ्याकडे पाठ करून.

मी दारातूनच म्हटलं, "आई, प्लांट बंद झाला."

ती बोंबील साफ करत राहिली.

मी जवळ गेले, तिच्या समोर बसले आणि पुन्हा म्हटलं, मोठ्याने, पूर्वीसारखंच ओरडून. आळीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. आई हसली आणि तितक्याच मोठ्याने म्हणाली, "मग आता कशाला वरडतेस?"